गेटवरचं यंत्र आणि घरातले हात

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात वर्धा रोडकडच्या एका लेआऊटच्या नागरिक मंडळाचा सचिव आहे. १४० घरं, सहाशेच्या आसपास माणसं. गेल्या महिन्यात सकाळी सव्वासहाला आमच्या फिरण्याच्या ग्रुपमधले एक शेजारी बागेत तिसऱ्या फेरीला कोसळले. वय ५८. आम्ही सात-आठ जण तिथेच होतो. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळवे चोळले. मग गाडी काढली, त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि धंतोलीतल्या हॉस्पिटलकडे निघालो. पोचायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, गेले.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. बाबांच्या नावाने लेआऊटला शॉक देणारं यंत्र द्यायचं, असं त्याने ठरवलंय. एईडी म्हणतात ते. सव्वा लाख द्यायला तयार आहे. यावरून मंडळात दोन तट पडलेत. एक ज्येष्ठ काका म्हणतात, “एवढे पैसे डब्यात घालण्यापेक्षा ओपन जिम बसवा, योगवर्ग लावा, तंबाखूचा खर्रा बंद करा. रोगच होऊ देऊ नका.” तरुण पोरं म्हणतात, “गेलेले काका रोज पाच किलोमीटर चालायचे, बीपीची गोळी सुद्धा बंद झाली होती त्यांची, तरी गेले. मशीन असतं तर वाचले असते.” रविवारी बैठक आहे. मी काय बोलू? गेलेल्या शेजाऱ्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, बैठकीला बोलवावं का? आणि ताई, रात्री झोप लागत नाही. आम्ही चुकलो का?

— एक सचिव, नागपूर

भाऊ,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं तुमच्या कानावर पडेल, पण आत जाणार नाही.

माझी एकतीस वर्षं हृदयरोग विभागात परिचारिका म्हणून गेली. निवृत्त झाल्यानंतरच्या मे महिन्यात एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयात कूलर घरघरत होते, पंगत बसली होती. वाढता वाढता एक गृहस्थ खाली पडले. मी पलीकडच्या टोकाला होते. गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तोवर त्यांना कांदा हुंगवून झाला होता, चपलेचा वास देऊन झाला होता, एक मावशी पदराने वारा घालत होत्या, त्यांची बायको वाटीने ओठांत पाणी सोडत होती आणि ते कानशिलावरून ओघळत होतं. सगळे म्हणत होते, “श्वास चालू आहे, घोरताहेत बघा.” ते घोरणं नव्हतं. मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तशी ती अधूनमधून येणारी आचकी होती. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ माणसांत ती दिसते, आणि तिच्यामुळेच जवळच्यांचा घोटाळा होतो. मी छाती दाबायला सुरुवात केली. मदत आली तेव्हा उशीर झालेला होता.

नंतर त्यांच्या बायकोने मला हेच विचारलं, जे तुम्ही विचारताय. मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. तुम्ही पाठ फिरवून गेला नाहीत, जे ठाऊक होतं ते सगळं केलंत, आणि जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. पण खोटा दिलासाही देणार नाही. गाडीतली ती पंचवीस मिनिटं छाती दाबण्याची होती, आणि मागच्या सीटच्या मऊ गादीवर, वळणं घेणाऱ्या गाडीत ती नीट दाबता येत नाही. बागेतल्या कडक जमिनीवर येते. तरीही, दाबली असती तर ते वाचलेच असते, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. आमच्या विभागात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हृदय बंद पडलेले सुद्धा सगळे परत आले नाहीत. हा भार एकट्याने उचलू नका.

आता बैठकीचं. तुमच्याकडे दोन तट पडलेत कारण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. काकांचा प्रश्न आहे, लेआऊटमध्ये किती जणांवर ही वेळ येईल? पोरांचा प्रश्न आहे, ज्याच्यावर आली त्याला परत कसं आणायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या मधोमध एक तिसरी गोष्ट सुटून गेली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी यायला हवी.

त्याआधी एक फरक बैठकीत सगळ्यांना सांगा, कारण बोलताना आपण सगळ्यालाच ‘अटॅक’ म्हणतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. छाती भरून येते, घाम फुटतो, हात किंवा जबडा दुखतो, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला बसवायचं, १०८ ला फोन करायचा आणि एक मिनिटही न दवडता हॉस्पिटल गाठायचं. “गॅस झाला असेल” म्हणून इनो देत बसायचं नाही. हृदय बंद पडणं वेगळं. त्यात ठोक्यांची लय अशी बिघडते की हृदय नुसतं थरथरतं किंवा पूर्ण थांबतं, रक्त पुढे जातच नाही, आणि माणूस काही सेकंदांत निपचित पडतो. झटक्यातून असं होऊ शकतं, झटक्याशिवायही होऊ शकतं. शॉकचं यंत्र फक्त या दुसऱ्या प्रकारात कामाचं, आणि त्यातही लय थरथरण्याची असेल तेव्हाच. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. तुमच्या पंचवीस मिनिटांचा हिशेब मी इथे मांडत नाही, पण बैठकीत हा आकडा सांगाच.

यंत्राची ताकद किती, हे अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये दिसलं. तिथल्या सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवलं होतं, आणि २००० साली त्याचा अभ्यास छापून आला. लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळलेल्या, शॉकने सुधारणाऱ्या लयीच्या माणसांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला तेव्हा १०० पैकी ७४ जण वाचून घरी गेले. तीन मिनिटांनंतर मिळाला तेव्हा ४९. दोन्ही आकडे आश्चर्य वाटावं इतके चांगले आहेत. पोरांचं म्हणणं चुकीचं नाही.

पण तिथे प्रत्येक माणसावर कॅमेऱ्याची नजर होती आणि शिकलेला रक्षक हाकेच्या अंतरावर होता. आपल्या लेआऊटमध्ये माणूस कुठे पडतो? बहुतेक घरात. दहापैकी सातेक जणांचं हृदय घरीच बंद पडतं: न्हाणीघरात, पहाटे पलंगावर, जेवल्यावर सोफ्यावर. तेव्हा जवळ असते बायको, सून, आई, नाहीतर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. गेटवर यंत्र आहे आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर आतल्या खोलीत आहे. ते आणायला कुणीतरी धावेपर्यंत छाती कोण दाबणार?

२००८ साली यावर एक मोठा अभ्यास आला. झटक्यातून वाचलेल्या सात हजार रुग्णांपैकी अर्ध्यांच्या घरी हे यंत्रच देऊन ठेवलं, उरलेल्यांच्या घरच्यांना फक्त छाती दाबायला आणि मदत बोलवायला शिकवलं. काही वर्षांनी पाहिलं तर मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, साडेसहा टक्क्यांच्या आसपास. यंत्र निकामी होतं म्हणून नव्हे. घरात माणूस कोसळताना पुष्कळदा पाहायला कुणी नसतं, म्हणून.

जरा तुमच्या सहाशे माणसांचा हिशेब करू. परदेशातल्या नोंदी पाहिल्या तर दर लाख लोकांत वर्षाला साधारण ५० ते १०० जणांचं हृदय असं अचानक बंद पडतं. त्या हिशेबाने तुमच्या लेआऊटवर दोन-तीन वर्षांतून एकदा ही वेळ येईल. त्यातही बागेत, लोकांसमोर, शॉकने सुधारणाऱ्या लयीत पडणारा माणूस आणखी विरळा. आता दुसरीकडे पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना बीपी निघालं. तुमच्याकडे चारशे प्रौढ धरले तर ते सव्वाशेच्या वर होतात, आणि त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसेल. काकांचं पारडं इथे जड होतं, आणि ते तुम्ही मोकळेपणाने कबूल करा.

५२ देशांत मिळून झालेला आणि २००४ मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की पहिल्या झटक्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांचा उलगडा नऊ गोष्टींनी होतो. तंबाखू, बीपी, साखर, चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण या त्यातल्या मोठ्या. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला हा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, असंही त्याच पाहणीत दिसलं. आणि ज्यांना वाटतं की विडी-सिगारेट नाही म्हणजे तंबाखू नाही, त्यांच्यासाठी: तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. हे मी नागपुरात बसून लिहितेय, म्हणून खर्ऱ्यावर थोडं थांबते. सकाळी चार फेऱ्या मारून घाम पुसत पानठेल्यावर थांबायचं, ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून पाटीवर घासतो, ती पुडी खिशात टाकून घरी यायचं. माझ्या विभागात दाखल झालेल्या कितीतरी रुग्णांच्या शर्टाच्या खिशातून बायका ही पन्नी काढून माझ्या हातात द्यायच्या, लाजून, जणू त्यांचाच काही गुन्हा. चालण्याने मिळवलेलं माणूस तिथे अर्धं परत देऊन येतो. तर्री पोह्यांशी माझं भांडण नाही, रविवारी खा. रोजची तेलाची तर्री, वर मूठभर शेव आणि घरी जेवणात पापड-लोणचं, यातलं मीठ मात्र मोजा. दिवसाला एकूण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर, पुरे.

“रोज चालायचे, तरी गेले” हे तरुण पोरांचं वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. त्यांचं दुःख कळतं. पण हे वाक्य लेआऊटमध्ये रुजलं तर पुढच्या महिन्यात बागेत निम्मी माणसं कमी दिसतील. चालण्याने धोका कमी होतो, संपत नाही. छत्री घेऊनही कधीकधी माणूस भिजतो. आणि तुमच्या पत्रातला एक शब्द मी दोनदा वाचला: गोळी ‘बंद झाली होती’. डॉक्टरांनी बंद केली, की बरं वाटतंय म्हणून आपणच सोडली? मला माहीत नाही आणि गेलेल्या माणसाबद्दल आता ते शोधूही नका. मुलासमोर तर हा विषय चुकूनही काढू नका. पण बाकीच्या घरांत हा प्रश्न विचारा. गोळीने बीपी ताब्यात आलं म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सुटते. असे किती जण आमच्याकडे आले, सांगता येणार नाही.

मग रविवारी काय बोलायचं?

माझा कौल असा. मुलाचं यंत्र घ्या, आनंदाने घ्या, पण ते येण्याच्या आधी छाती दाबण्याचा वर्ग होऊ द्या. आपल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी २०१७ मध्ये सोपी पद्धत आखून दिली आहे. त्यात तोंडाने श्वास द्यायचा नाही, फक्त हातांनी दाबायचं. खांद्यावर थोपटून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पाहायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. आचकी म्हणजे श्वास नव्हे. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा, फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ, आणि पाच ते सहा सेंटीमीटर खाली. वेग सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्याने मोजा. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा हात बदला. बरगडी मोडेल अशी भीती वाटते; मोडली तर जुळते. उन्हाळ्यात भोवळ येऊन पडलेला माणूस नीट श्वास घेत असेल तर त्याला सावलीत न्या, थंड करा, छाती दाबू नका. एवढं शिकवायला अर्धा दिवस पुरतो. शहरात डॉक्टरांच्या संघटना आहेत, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. मंडळाच्या लेटरहेडवर लेखी विनंती करा.

या वर्गाला फक्त फिरणाऱ्या पुरुषांचा ग्रुप आला तर तो फुकट गेला असं समजा. घरोघरच्या बायका यायला हव्यात, कॉलेजातली मुलं, चौकीदार, धुणंभांडी करणाऱ्या ताई सुद्धा. म्हणून वेळ सकाळची नको, दुपारी चारची ठेवा. आणि आणखी एक, थोडं अवघड, पण बोलायलाच हवं: बाई कोसळली तर तिच्या छातीला हात लावायला लोक बिचकतात. परदेशातल्या नोंदींतही बायकांना अशी मदत कमी मिळते. वर्गातच स्पष्ट सांगा की त्या वेळी तो हात औषध असतो. शिकवणाऱ्यांत एक बाई असू द्या.

यंत्र घ्याल तेव्हा माझी खरी काळजी नागपूरच्या उन्हाची आहे. पुष्कळशा यंत्रांच्या पुस्तिकेत ५० अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ असेल तर चौकीदाराच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत किती होईल, विचार करा. छातीला चिकटवायच्या पट्ट्यांवरचा चिकट थर वाळतो, बॅटरी लवकर मरते. बागेजवळच्या एखाद्या घराच्या सावलीतल्या पोर्चमध्ये ठेवा, जिथे दिवसरात्र पोचता येईल. मंडळाच्या ऑफिसात तर नकोच, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच वेळ जाईल. पट्ट्यांना मुदत असते, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, त्या खर्चाची सोय आजच करून ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला तयारीचा दिवा बघून वहीत सही करणारा एक माणूस नेमा. यंत्र बोलून सूचना देतं, त्या कोणत्या भाषेत आहेत ते विकत घेण्याआधी स्वतः ऐका. आणि लोकांची भीती घालवा: शॉकची गरज नसेल तर ते शॉक देतच नाही; फक्त शॉक देताना त्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. छाती पुसून कोरडी करायची, पट्ट्या चित्राप्रमाणे लावायच्या, ते सांगेल तसं करायचं.

काकांना त्यांचा विजय खऱ्या अर्थाने द्या. ओपन जिमपेक्षा मी म्हणेन, दोन हजारांच्या आसपास मिळणारं बीपीचं यंत्र घ्या आणि दर रविवारी फेऱ्यांनंतर बागेतल्या बाकावर काकांना वही घेऊन बसवा. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, मग मोजायचं. ज्याचा वरचा आकडा सतत १४० च्या वर त्याला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवायचं. फिनलंडमधल्या उत्तर कॅरेलियात १९७२ मध्ये असंच काम गावागावांत सुरू झालं. लोणी कमी करा, सिगारेट सोडा, बीपी मोजा. गावांनी एकमेकांशी पैज लावून रक्तातली चरबी उतरवली. पुढच्या काही दशकांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. काकांना ही गोष्ट सांगा, त्यांना हुरूप येईल.

मुलाला फोन तुम्हीच करा, व्हॉट्सॲपवर नको. म्हणा, “बाबांच्या नावाचं यंत्र आम्ही लावतोय. त्याच्यासोबत दरवर्षी बाबांच्या नावाने एक वर्गही घ्यायचा आहे, लेआऊटमधल्या प्रत्येक घरातून एक जण शिकेल. उरलेल्या पैशांतून तो चालवू का?” मला वाटतं तो नाही म्हणणार नाही. पाटीवर नाव त्याला हवं तसं लिहा, त्यात काटकसर नको.

राहिल्या वहिनी. बैठकीला नको. तिथे मतं मांडली जातील, आवाज चढतील, त्या माणसाच्या जाण्यावर वाद होईल, ते त्यांच्या कानावर कशाला? वर्गाचं मात्र त्यांना तुमच्या बायकोकडून घरी जाऊन विचारा. त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका, “त्यांना त्रास होईल” म्हणून वगळूही नका. त्या लग्नातल्या गृहस्थांच्या बायकोने चार महिन्यांनी मला फोन केला होता. मला ते शिकव, एवढंच म्हणाली. आमच्या दिवाणखान्यात चटईवर गुडघे टेकून तिने कडक उशीवर दोन मिनिटं न थांबता दाबलं, मोठ्याने मोजत, आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिली. मी चहा ठेवायला आत गेले.

तुमच्या वहिनी आल्याच, तर त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवू नका. दाराजवळ ठेवा, मध्येच उठून जावंसं वाटलं तर कुणाच्या समोरून जावं लागणार नाही अशी.

तुमची,
ताई